येणे बाकी

इरमेलीच्या अकॉर्डियनच्या पेटीत
अस्तराखाली पावत्या:
डिझेल, खिळ्यांचे टायर,
कुओपिओच्या लॉजमधली एक रात्र, नाश्त्याशिवाय.

फेब्रुवारीत ती सगळं टेबलावर पसरते.
भात्याची दुरुस्ती, तीनशे ऐंशी युरो. खर्च.
रियाज? त्याची पावती कोण देणार.

आणि एकशेचाळीस किलोमीटर जाऊन
एका मच्छीमाराच्या दफनाला वाजवलेला वॉल्ट्झ,
तो कुठल्या रकान्यात?
विधवेनं पैसे विचारले तेव्हा
ही म्हणाली होती, बघू नंतर.
ते नंतर अजून येणे बाकी.

लग्नवाल्यांना तिसरं स्मरणपत्र.
'सस्नेह' खोडून 'आपली' लिहिते,
मग तेही खोडते.

खिडकीबाहेर तळं गोठलेलं.
पट्टा खांद्यावर घेऊन
ती फक्त हवेचं बटण दाबते, भाता ओढते.
सूर नाही, नुसता श्वास.

मग कॅल्क्युलेटर शोधू लागते.
इथेच कुठेतरी होता, पावत्यांखाली.