चाळीस

लावेर्दा उभी असायची, काटा चाळीसवर.
जशी गॅरेजच्या भिंतीलाच कुठे पोचायचंय.
"केबल नाही, मीटरच गेलाय," तार्चिझिओ म्हणाला,
आणि हेडलाइटमागचे दोन नट
रॉकेल लावून, शिव्या देत, सैल केले.

दुसरा मीटर उदिनेच्या भंगारातून आला.
काच पिवळट. एकसष्ट हजार दोनशे आठ.
कुणाचे किलोमीटर, कुणास ठाऊक.
"फिरवू का मागे? तुझ्या बापाच्या आकड्यावर?"
ओर्नेल्लाने मान हलवली.
हो की नाही, त्याला कळलं नाही.

कार्नियाच्या घाटात, तिसऱ्या वळणावर तिने पाहिलं:
काटा अजून शून्यावर.
केबलचं टोक जोडायचंच राहिलेलं,
आणि इंजिन दातओठ खात चढतंय.

ती थांबली नाही.

इकडे जुना मीटर फळीवर,
खिळ्यांच्या डब्याशेजारी,
चाळीसने चाललाय.