तीन नंबरचं ठाण

फेब्रुवारीचं बिल लिहायला बसले आहे
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा दोनदा पुसून.
बाहेर उणे अठरा. फंडीच्या खाडीवरून वारा येतो
आणि तबेल्याच्या नळाला गुंडाळलेली विजेची पट्टी
रात्रभर जळते,
तीन नंबरच्या ठाणासाठीसुद्धा,
जिथे आज सव्वीस दिवस घोडी नाही.

घोडी लीलंड राफ्यूझची. टॅन्सी.
कुम्मैत, पंचकल्याणी, कान जरा जास्तच लांब.
गुडघ्यातली हाडाची कपची काढायला
पुलापलीकडे, बेटावरच्या इस्पितळात नेली आहे.
ट्रेलरचं दार लावून लीलंड माझ्याकडे वळला,
"आर्डिथ, ती नसताना किती द्यायचं?"
मी म्हटलं, बघू.
बर्फ पडत होता, दोघांनाही आत जायची घाई होती.

आणि इथेच तर घोडं पेंड खातं.
म्हणजे खात नाही,
हीच तर अडचण.

महिन्याचे साडेपाचशे डॉलर.
त्यातून वाळलं गवत वजा, एकशे साठ.
तिच्या वाटच्या पेंढ्या माळ्यावर तशाच आहेत,
एकीत मांजर व्यायली आहे.
ओट्सची चंदी, चाळीस.
खाली पसरायचा लाकडाचा भुसा, साठ.
उरतात दोनशे नव्वद.

हे दोनशे नव्वद कशाचे, कोणी विचारलं तर?
छपराचे. विम्याचे. त्या पट्टीच्या विजेचे.
आणि मंगळवारी फोनवर दिलेल्या एका नकाराचे:
केंटव्हिलचा एक बाप, मुलीसाठी तट्टू घेतलेला,
पूर्ण दर, तीन महिन्यांचे आगाऊ देत होता.
मी म्हटलं, जागा नाही.
खिडकीतून जागा दिसत होती.

व्हर्नन असता तर म्हणाला असता,
हॉटेलात झोपला नाहीत म्हणून खोली फुकट होते का?
पण व्हर्ननने कधी कुणाला बिल लिहिलं नाही,
तो नुसता म्हणायचा.

बरं, आणि हे कुठे लिहू:
शेजारच्या ठाणातला म्हातारा बार्नबी
ती गेल्यापासून फळीला नाक लावून उभा असतो,
तोबऱ्यातलं निम्मं तसंच ठेवतो.
म्हणून रोज सकाळी अर्धा तास
त्याला रस्त्यापर्यंत फिरवून आणते, दोघं घसरत घसरत.
हा अर्धा तास कोणाच्या नावावर?
बार्नबीचा मालक हॅलिफॅक्सला असतो, त्याला माहीत नाही.
टॅन्सी होती तेव्हा एवढं काम नव्हतं.

लीलंड शनिवारी येतो. घोडी नाही, तरी येतो.
रिकामं ठाण झाडतो, बादली पालथी घालून
तिच्यावर बसतो, थर्मासातला चहा पितो.
डिग्बीच्या फेरीवर एकतीस वर्षं काढली त्याने.
परवा आपणहूनच म्हणाला,
"फेरी रिकामी गेली तरी डिझेल तेवढंच लागतं.
तू सगळे लाव."
मी म्हटलं, जे खाल्लं नाही त्याचे कसे लावू?
आम्ही थोडे भांडलोच,
मी त्याच्या बाजूने, तो माझ्या.

येताना त्याच्या घरावरून आले होते.
होडीवर असायची ती निळी ताडपत्री
आता पायरीवर घडी करून ठेवली आहे.
खाली होडी नाही.
तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, असं म्हणतात ना,
तसं.

दोनशे नव्वद लिहिलं. खोडलं.
दोनशे दहा लिहिलं.
ऐंशी कशाचे गेले, त्याला रकाना नाही;
बिलाच्या वहीत रकाने चारच,
व्हर्ननच्या आईने छापून घेतलेल्या.
खाली लिहिलं: "परत आल्या दिवसापासून पूर्ण दर."
मग "कृपया" घातलं. मग काढलं.

पाकीट चिकटवल्यावर आठवलं,
जाण्याआधी टॅन्सीने कुंपणाचा खांब मोडला होता,
त्याचे बारा डॉलर राहिलेच.

जिभेवर डिंकाची चव.
तबेल्यातून बार्नबी खिंकाळतो,
आणि मी बूट शोधते.