निळी बादली

पाद्र्याच्या अलीकडे, तंबाखूच्या शेताला लागून
शनाभाई परमारांचा गोठा.
तीन महिन्यांपूर्वी मीच ठेवलेली निळी बादली
दाराशी, झाकणासकट:
इंजेक्शन टोचलं की रिकामी कुपी यात टाका,
सडात सोडायची ट्यूबसुद्धा.
फेकू नका. मी मोजायला येईन.

आज झाकण काढलं तर आत
एक पाल, आणि थोडा भुसा.
"जनावरं निरोगी आहेत, बेन," शनाभाई म्हणाले
आणि कडब्याकडे बघत राहिले.
मी वहीत शून्य लिहिलं.
शून्य लिहायला काही जोर लागत नाही.

पण रावपुऱ्यात, आमच्या प्रयोगशाळेत
याच गोठ्याच्या दुधातले जंतू वाढवलेली
एक बशी आहे. जंतूंनी साय धरलीय तिच्यावर.
औषधाच्या सहा टिकल्या ठेवल्या होत्या मी.
प्रत्येकीभोवती मोकळं अंगण पडायला हवं होतं,
ठिपक्यांची रांगोळी मावेल एवढं.
दोघींभोवती पडलं.
बाकी चौघींच्या थेट उंबऱ्याला साय भिडली,
जणू त्या घरांत कुणी राहतच नाही.

हे सांगायचं कसं?
माझी गुजराती दांडिया बाजारातली, भाजीपुरती.
म्हटलं, औषधाचं आता कुणी ऐकेनासं झालंय.
"म्हणजे माझ्यासारखंच," शनाभाई हसले,
आणि घरात बघून गप्प झाले.

मग मंगुबेननं मनगट धरून मला आत नेलं.
ढेल नावाच्या म्हशीमागे, चुन्याच्या भिंतीवर
कुंकवाचे ठिपके, बोटाबोटाचे.
ढेलीचे अकरा. तिच्या पारडीचे चार.
"कुप्या हे उकिरड्यात पुरतात,
मंडळी दूध परत पाठवेल म्हणून.
पण काय टोचलं ते कुणाला तरी
ठाऊक हवं ना?"

खाली, कोपऱ्यात, आणखी दोन ठिपके. फिके.
हे कोणाचे?
"मला ताव आला होता दिवाळीनंतर."
(इकडे तापाला ताव म्हणतात.)
"ढेलीच्या कुपीत उरलं होतं थोडं."
शेणाचे हात तिनं पदराला पुसले.
"उतरला पहिल्यांदा. दुसऱ्यांदा नाही उतरला."

मी शून्य खोडलं.
अकरा लिहिले, चार लिहिले.
उरलेल्या दोघांसाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
दवाखान्याचा पत्ता फाडलेल्या पानावर देऊन
मी समासात रेघ ओढली,
तिथे तिचं नाव घातलं.
पेन मध्येच अडलं, पुन्हा गिरवावं लागलं.

निघताना चहा आला, दाट, घरच्या दुधाचा.
उकळल्यावर जंतू मरतात.
औषध उरू शकतं, हे मला माहीत आहे;
मीच शिकवते हे नव्या मुलींना.
मंगुबेन दारात उभी होती.
मी चहा बशीत ओतला.
सायीचा एक तुकडा कडेला जाऊन चिकटला.