उंची, वजन, शेरा

वजनकाटा केंद्रशाळेतून उसना आणलाय,
दुपारच्या आत परत द्यायचाय.
कुणी उभं नसतानाही तो दोन किलो दाखवतो.
मी दोन वजा करते.
सहावीतली अल्फिया पंचवीस भरते.
"बूट असते तर सव्वीस झाले असते," तीच म्हणते, हसत.

भिंतीवर नवा तक्ता:
दिवसातून आठ पेले पाणी प्या.
चित्रातलं पाणी निळंशार.
आमच्या टाकीत असलं पाणी
मी सात वर्षांत पाहिलं नाही.

काल हात धुण्याचा दिवस होता.
टँकर आला नाही,
पण फोटो साडेअकराच्या आत पाठवायचा होता.
गयाबाईंनी खिचडीच्या पाण्यातून एक तांब्या काढून दिला,
"मंग डाळ काय थुक्यात शिजवू, मॅडम?"
बेचाळीस हात फेसाळले.
फोटो निघाला, अक्षांश-रेखांशासकट.
उरलेला फेस लेकरांनी
चड्ड्यांना, ओढण्यांना, भिंतीला पुसला.
दिवसभर वर्गाला लिंबाचा वास.

आज लोहाच्या गोळ्या.
"जेवल्यावर, भरपूर पाण्यासोबत," मी वाचून दाखवते.
पोरं घटाघटा पितात.
मुलींच्या रांगेत मात्र प्रत्येकीचा एकच घोट,
मोजून घेतलेला,
जणू औषध गोळी नाही, पाणीच आहे.

"काहून गं? पी की अजून."
अल्फिया पायाच्या अंगठ्याकडं बघते.
"पाणी पेलं की जावं लागतंय, मॅडम."

मुलींच्या संडासाला कुलूप आहे.
आत फरशी पांढरी, दारावर रंगवलेलं फुलपाखरू.
तपासणीपर्यंत खराब होऊ नये म्हणून
किल्ली मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये,
स्वच्छ शाळेच्या प्रमाणपत्राखाली.

मी तक्ता भरायला घेते.
डोकेदुखी, पोटदुखी, चक्कर: मुलींत जास्त.
कारणाच्या रकान्यात वरूनच छापून आलंय,
'पालकांचे आहारविषयक अज्ञान'.
पुढं फक्त बरोबरची खूण करायची.

माझ्या पिशवीत जिंतूरहून भरून आणलेली बाटली.
सात वर्षं झाली,
ती जशी येते तशीच
चारच्या बसनं परत जाते.

शेऱ्याला जागा एवढीशी,
एक शब्द मावेल.
मी लिहिते: किल्ली.

उद्या केंद्रप्रमुखांचा फोन येईलच,
"मॅडम, हा कोणता आजार?"