बंदोबस्त

ब्लॉक नंबर सतराशे चार.
मेणाच्या वडीत जठराचे सहा तुकडे,
एकेक तांदळाच्या कणीएवढा.
चिठ्ठीवर नाव: मुरलीधर पराते, ६१, गोळीबार चौक.

ओळखते मी त्यांना.
त्यांच्या भोजनालयात रस्सा समोर आला
की गिऱ्हाईक आधी नाक पुसतं.
"चाळीस वर्षं लोकायले जाळलं जी,
आता माहा नंबर," म्हणाले होते.
मिरची सोडली, दूधभात धरला, सब्जा.
बायकोनं मंगळवार.
पोट ऐकेना.

तीन मायक्रॉनची फीत
कोमट पाण्यावर तरंगली. रंगवली, काच लावली.
आणि दिसले ते,
श्लेष्माच्या घडीत, आट्यांच्या खिळ्यासारखे,
कुठल्या लहानपणी, कुणाच्या उष्ट्या पेल्यातून आलेले.
तिखटाचा काही संबंध नव्हता.

भोवती गर्दी. गोल, गडद, एका तोंडवळ्याच्या पेशी,
ग्रंथींच्या भिंती फोडून आत.
डिसेंबरात गावात येतो ना बंदोबस्त,
लातूरचे, नंदुरबारचे,
तंबू, बादल्या, दोरीवर वाळणारं खाकी,
तसा.
जठरात असं ठाणं मुळात नसतंच.
कुणी रोज डिवचतं म्हणून येतात
आणि अधिवेशन संपतच नाही.
(मोर्चेकऱ्यांवर माझा राग नाही.
उपमा इथं लंगडते.)

मेश्राम मॅडम म्हणाल्या, कॅन्सरच आहे,
पण आधी खिळे काढू.
"कॅन्सरले गोळ्या? सर्दीवाणी?"
चौदा दिवस. तोंडात नाण्याची चव.

जुलैत खिळे नव्हते, गर्दी होती.
नोव्हेंबरात विरळ.
पुढच्या फेब्रुवारीत काचेखाली
तंबू उठलेलं मैदान,
दबलेलं गवत.

सतराशे एकतीस कन्हानच्या एका बाईंचा.
तेच खिळे, त्याच गोळ्या, खिळे गेले,
गर्दी हलली नाही.
काहींना परतीचा हुकूम पोचत नाही,
पेशीच्या आत कुठंतरी वायर भलतीकडं जोडलेली.
त्या आता शेक घेतात, रोज सकाळी, आठच्या बसनं येऊन.

गुरुवारी परातेंचा डबा आला.
आम्ही जिन्यात बसून उघडला, हाताला झायलीनचा वास.
असतील माझ्याही पोटात,
निम्म्या गावाच्या असतात,
बहुतेकांना काही करत नाहीत.
मी आधी नाक पुसलं.