नऊ नंबरचा टाका

सामना संपला तरी आम्ही घरी जात नाही.
कोर्टाच्या पायऱ्या रात्री नऊपर्यंत तापलेल्या असतात,
त्यावर टॉवेल टाकून बसतो,
अशोक चौकातला सेकंड पीस, काठाला एक धागा कमी.

अंबादास गुंडेटी शेंग फोडतो आणि म्हणतो,
"बे, दशरथला द्यायला नको होतं."

सव्वीस वर्षं झाली.
गुंडेटीला कवळी आली, नागनाथचे लूम भंगारात गेले,
वाक्य तेच.

दशरथ गाजूल. सहा फूट चार इंच.
पेठेतल्या प्रत्येक दाराला वाकून गेलेला,
फक्त रिंगखाली ताठ.
कुणी कुठूनही मारो, चेंडू त्याच्या हातात यायचा
धोटा परत यावा तसा.

त्याला आपण इचलकरंजीला दिलं.
बदल्यात एक डावखुरा आला, तीन महिन्यांत पोलिसात भरती झाला.
आणि आला काचेचा बोर्ड,
टेम्पोतून, दोन गाद्यांत गुंडाळून,
नवरीसारखा उतरवला आम्ही.

"बोर्ड अजून आहे," शिवलिंग म्हणतो.
"आणि माणूस?"
"माणसाचे गुडघे गेलेच असते की."
"गेले असते तर इथं गेले असते बे!"

मग जुने हिशेब निघतात.
हिरेमठचा पोरगा का ठेवला? काका संचालक.
यासीन बागवानला का बसवलं? सरावाला उशिरा येतो म्हणून.
रात्रपाळी करून येणारा पोरगा
पहाटे साडेपाचला कुठून येणार, हे
तेव्हा कुणी विचारलं नाही.
आता रोज विचारतो.

मी कमी बोलतो. मी युनिफॉर्म शिवतो.
कोण आला, कोण गेला, मला उसवणीवरून कळतं.
दशरथच्या बनियनवरचा नऊ मीच काढला, ब्लेडनं,
एकेक टाका.
त्यावर डावखुऱ्यासाठी चौदा बसवला.
पण सुईची भोकं कापड विसरत नाही;
घाम आला की दिव्याखाली
चौदाच्या आत नऊ दिसायचा.

आणि एक.
हॉटेलच्या माळ्यावर बैठक होती, सात जण,
तीन हात वर, तीन खाली.
सातवा माझा.
आमचा जुना बोर्ड म्हणजे पेटाऱ्याची फळी,
चेंडू लागला की भुसा गळायचा.
काचेतून पलीकडचं आभाळ दिसतं असं ऐकलं होतं.
मला ते बघायचं होतं.
गुंडेटीला हे माहीत नाही.
किंवा माहीत आहे, म्हणूनच तो
दर वेळी माझ्याकडे बघून सुरू करतो.

दशरथ एकदाच परत आला, त्यांच्याकडून.
शेवटचे काही सेकंद, एका गुणाचं अंतर, दोन फ्री थ्रो.
पहिला काचेवर आपटला,
म्हणजे स्वतःच्याच किमतीवर.
दुसराही.
आपण जिंकलो, आणि पायऱ्यांवर
कुणाला ओरडता येईना.
मुद्दाम चुकवला का, यावर
शिवलिंग आणि नागनाथ वर्षभर बोलत नव्हते.
तो मात्र जाताना बोर्डाच्या खांबावर
हलकेच दोन थापा मारून गेला,
म्हशीच्या पाठीवर मारतात तशा.

यंदा काचेच्या कोपऱ्याला तडा गेला.
सेक्रेटरी म्हणाला, नव्या बोर्डाला पैसे नाहीत,
पण बारामतीवाल्यांना आपला सोळा नंबर आवडलाय.
गुरुवारी बैठक.

गुंडेटीनं मूठभर शेंगा माझ्यापुढे धरल्या.
काही विचारलं नाही.

सोळाचा शर्ट सध्या माझ्याकडेच आहे,
नंबर एका बाजूनं सुटलाय म्हणून आलेला.
साधी शिलाई पुरली असती.
दुहेरी घालतोय.