रिकामा काटा

उदगीरच्या मोंढ्यात एकेचाळीस वर्षं मापाडी,
लिंबाजी खंदारे.
तुरीचा भुसा आवाजात बसलेला.
लातूरच्या आमच्या तपासणीच्या खोलीत आला
तेव्हा खुर्चीकडे न बघता
यंत्राभोवती एक फेरी मारली.
"काय मोजायलाव?"
श्वास, म्हटलं.
"त्याला वजन असतंय?"

असतं, काका.
पिशवीत फुंकलेल्या हवेतले कण
विजेचा चटका देऊन आम्ही पळवतो
एका पोकळ नळीतून.
हलका आधी पोचतो, जड मागून.
किती उशीर झाला त्यावरून वजन,
दशांशानंतर चार घरं.

"आन् काटा किती मारतंय?"

हे कुणी विचारलं नव्हतं.
डॉक्टरांना आकडा हवा असतो,
पोराबाळांना हो की नाही.
मी वही उघडली.
शंभर आजाऱ्यांतले सत्त्याऐंशी सापडले,
तेरा जण हसत घरी गेले.
शंभर चांगल्यांतल्या नऊ जणांवर
फुकटचा शिक्का बसला,
बहुतेकांना कधीकाळी टीबी होऊन गेलेला.

"क्विंटलमागं तेरा किलो!
हमालांनी उलथा केला असता ह्याला."
हसता हसता खोकला आला,
तो संपेपर्यंत मी पंख्याकडे बघत राहिलो.

वजन चुकत नाही, मी म्हणालो,
जरा रागानंच.
कण दहादा मोजा, तेवढाच भरतो.
त्यावरून रोग ओळखताना चुकतं.

"मग तसं म्हणा की.
माप मापाड्याचं, भाव आडत्याचा."
आणि रुमालानं तोंड पुसत:
"रिकामा काटा बघितला का सकाळी?"

बघितला होता.
नुसती शुद्ध हवा सोडली
तरी कागदावर एक बारका उंचवटा आला,
फरशीच्या फिनाइलचा असेल,
नाहीतर माझ्याच चहाचा.
रिकामं कधी पुरतं रिकामं भरत नाही.
तेवढं वजा करायचं, तारीख टाकायची,
पुढं चालायचं.

त्याला हे पटलं. मान डोलावली,
पिशवी मागून घेतली.
छाती रिती होईस्तोवर फुंकली,
पोत्याचं तोंड आवळावं तशी आवळली
आणि म्हणाला, "लाभ."
मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
मी लेबलवर १ लिहिलं.

दुसरी भरायला वेळ लागला.
"दोन," म्हणाला,
आणि तिसरीच्या आधी
खुर्चीची कड धरून
बराच वेळ उभा राहिला.